थोरल्यांची दुसरी चाचणी

जळायला माणसाला फार काही लागत नाही, एक साडू असला की पुरे. आमच्या थोरल्यांना तो होता, आणि तोही रोज डोळ्यांसमोर, त्याच प्रयोगशाळेत, त्याच लांबलचक ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्या दोघांना नावानं कुणीच हाक मारत नसे. हे थोरले, तो धाकटा. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं. थोरल्यांना त्यात एवढंच समाधान, की निदान हाक मारताना तरी आपला नंबर पहिला लागतो.

काम दारू तपासायचं. हे ऐकलं की नवी ओळख झालेला माणूस हटकून डोळे मिचकावायचा, "मजा आहे बुवा तुमची!" थोरल्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "प्यायला मिळत नाही हो, ओतायला मिळते." आणि खरंच तसंच होतं. भट्टीवाल्यांच्या सीलबंद बाटल्या यायच्या. त्यातली दारू चांगली की वाईट हे सांगणं यांचं कामच नव्हतं. तिच्यात जे नसायला हवं ते आहे का, एवढंच बघायचं. विषारी अल्कोहोल, शिसं, तांबं, प्लास्टिकच्या नळीतून उतरलेलं काहीबाही. तेही किती? तर अख्ख्या टाकीत चार थेंब, इतकं. ते शोधायचं, कागदावर लिहायचं, सही ठोकायची. सही झाली की माल बाजारात, नाही झाली तर गटारात.

थोरल्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती या कामाला. त्यांच्या नाकाचा एके काळी दरारा होता. बाटलीचं बूच निघालं की ओट्यापलीकडून म्हणायचे, "याची भट्टी करपलीय." आणि असायचीच. मशीनं नंतर आली. आधी नाकच होतं, आणि ते नाक फार वर होतं, हेही खरं.

धाकट्याला या नोकरीत आणलं कुणी? थोरल्यांनीच! अकरा वर्षांपूर्वी सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या होत्या, "जावईबापू, धाकटीच्या नवऱ्याचं काहीतरी बघा. घरी बसलेत." थोरले उपकार करायच्या नादात साहेबाकडे गेले, शब्द टाकला, आणि माणूस आत घेतला. बाटली कशी धरायची, फ्लास्क कसा विसळायचा, इथपासून सगळं शिकवलं. आपल्याच पायावर आपण धोंडा कसा मारून घेतो ते तेव्हा कळत नाही, दहा वर्षांनी पाय सुजतो तेव्हा कळतं.

कारण धाकटा कानामागून आला आणि तिखट झाला. नवं मशीन आलं, कागदावर सुळके काढून देणारं. एकेका सुळक्यावरून दारूत काय आहे ते समजायचं. थोरले त्या मशीनपुढे पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे अवघडून बसायचे, आणि हा पठ्ठ्या सहा महिन्यांत त्याचा मालक झाल्यासारखा वागायला लागला. साहेब त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलायचे. थोरल्यांच्या खांद्यावर अठ्ठावीस वर्षांत कुणी हात टाकला नव्हता. सासूबाईंकडे जेवायला गेलं की वाटी आधी धाकट्याच्या ताटात. "खा हो, मशीनवर डोळे फोडून बसता दिवसभर." आणि थोरल्यांना? "तुम्हाला वाढू का अजून?" वाढू का! विचारतात! धाकट्याला कधी विचारलं होतं? थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जेवण निम्म्यावर टाकून ते हात धुवायला उठायचे, आणि बायको म्हणायची, "पोट बिघडलंय का?" पोट बिघडलेलंच होतं, पण ते औषधानं बरं होणारं नव्हतं.

त्यात साहेब निवृत्त व्हायला आले. महिनाअखेरीला त्यांची खुर्ची रिकामी होणार होती, आणि अर्ज दोनच होते. मुख्य परीक्षकाची ती खुर्ची. तिच्यावर बसल्याशिवाय घरी गेलो तर जन्म फुकट गेला, असं थोरल्यांनी मनाशी धरलं होतं. आणि तिच्यावर धाकटा बसला तर? तर रोज सकाळी त्याच्यापुढे रजिस्टर सहीला ठेवायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं!

अशा वेळी जर्दाळूवाल्या बाईंची बाटली आली.

बाई एकट्याच्या बळावर छोटी भट्टी चालवायच्या. नवरा गेल्यावर माणसं म्हणाली विकून टाका, पण बाई खमक्या. जर्दाळू आंबवून त्याची पाण्यासारखी स्वच्छ दारू काढायच्या. वर्षाला एकच माल. या वर्षी पहिल्यांदाच तो परदेशी चालला होता. परदेशी मालाची एक जास्तीची चाचणी असते, थॅलेटची. हे थॅलेट म्हणजे काय, तर अत्तरवाल्यांना स्वस्तात जे अल्कोहोल मिळतं, ते कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम घातलेलं एक रसायन. पिण्याच्या दारूत ते सापडलं की अर्थ सरळ. कुणीतरी अत्तराचं स्वस्त अल्कोहोल मिसळून माल वाढवलाय. असा गुन्हा की परवाना जातो, भट्टी जाते, अब्रूही जाते. महिन्यातून एखादीच बाटली या चाचणीला लागायची, आणि ती धाकट्याकडेच जायची.

शुक्रवारी धाकट्याच्या कागदावर सुळका आला. लहानसा, पण मर्यादेच्या वर. तो काही उतावळा नव्हता, पठ्ठ्यानं नियमाप्रमाणे कोरी चाचणीही केली होती. म्हणजे बाईंची दारू न घालता नुसतं शुद्ध अल्कोहोल त्याच फ्लास्कमधून, त्याच मशीनमधून काढायचं. काही आलंच तर ते आपल्या भांड्यातलं, समोरच्याचं नाही. कोरी चाचणी स्वच्छ आली. म्हणजे दोष बाईंच्या दारूत! संध्याकाळच्या आत भट्टीला सील लागलं. बाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या म्हणे, "अहो, माझ्याकडे तांबं, काच आणि लाकूड सोडून काही नाही! अत्तराचं मी कशाला घालू?"

नियम असा, की दुसऱ्या परीक्षकानं पुन्हा तपासायचं. तो निकाल स्वच्छ आला तर सील त्याच दिवशी निघतं. नाही आला तर साहेबांपुढे सुनावणी. सुनावणीची तारीख पडली दीड आठवड्यानं, बुधवारची. दुसरा परीक्षक कोण? तर थोरले.

सोमवारी सकाळी थोरल्यांनी बाटली उघडली. नाकानं आधीच सांगितलं होतं, यात अत्तर कुठलं, ही तर नुसती जर्दाळूची साल आणि बी! मशीननंही तेच सांगितलं. कागद सपाट. पुन्हा चालवलं. पुन्हा सपाट. थोरल्यांच्या मनात गुदगुल्या झाल्या. धाकटा चुकला! बारा वाजायच्या आत एवढा आनंद त्यांना गेल्या पाच वर्षांत झाला नव्हता.

पण चुकला कसा? ते कळल्याशिवाय आनंदाला चव नाही. दुपारी उगाच टिपण मागायच्या निमित्तानं ते धाकट्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तो दुसरीच एक बाटली तपासत होता. त्यानं दारू फ्लास्कमध्ये ओतली, फ्लास्कच्या तोंडावर तळहात दाबला, फ्लास्क एकदा उलटा केला, सुलटा केला, आणि ओला तळहात चोळून नाकाशी नेला. वास घ्यायची जुनी रीत. हातमोजे घालून ती जमत नाही. थोरल्यांच्या नाकात मात्र दारूआधी गुलाब शिरला.

"काय लावलंयस हाताला?"

"क्रीम," धाकटा लाजून हसला. "ताईंनी दिलं. म्हणाल्या, धुऊन धुऊन हात बघा कसे चिरलेत. मागच्या आठवड्यापासून लावतोय. छान आहे, दादा. तुम्ही नाही लावत?"

ताई म्हणजे थोरल्यांची बायको! तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं यांचे हात चिरताहेत, आणि क्रीम कुणाला, तर धाकट्याला! घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी तोंड सोडलं. बायको भाजी निवडत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"तुमच्यासाठीच आणलं होतं. 'बायकी वास येतो' म्हणून नाक कुणी मुरडलं? डबी महिनाभर कपाटात पडून होती. म्हटलं, निदान त्यांच्या तरी कामी येईल."

थोरले चिडून पाणी प्यायले. आणि पिता पिता थांबले. वास टिकावा म्हणून सुगंधी क्रीमात काय घालतात? थॅलेटच! तळहातावरचं क्रीम दारूनं धुतलं गेलं, फ्लास्क सुलटा केला तसं परत आत गेलं. एवढ्याशा क्रीमानं एवढासा सुळका. आणि कोरी चाचणी स्वच्छ का आली? कारण नुसत्या अल्कोहोलचा वास कोण घेतो? त्या फ्लास्कवर तळहात दाबलाच नव्हता. कोडं सुटलं. थोरल्यांना स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की तो तळहात दाबायची रीत धाकट्याला शिकवली कुणी, हा प्रश्न मनात आला तसा त्यांनी बाहेर हाकलून दिला.

आता सरळ माणसानं काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला असता, आणि दुपारी सील निघालं असतं. धाकट्याला थोडं ऐकून घ्यावं लागलं असतं. थोडंच! साहेब म्हणाले असते, "होतं असं कधी कधी," आणि खांद्यावर हात टाकला असता. तेच तर थोरल्यांना नको होतं. सुनावणी व्हावी, साहेब असावेत, अबकारीचा अधिकारी असावा, धाकट्यानं छाती पुढे काढून आपला सुळका दाखवावा, आणि मग आपण उठावं. असं चारचौघांत नाक कापल्यावर खुर्ची कुणाला द्यायची याचा विचार तरी कोण करणार? थोरल्यांनी कागद खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली. माणूस वाईट नव्हता हो. पण मत्सर शिरला की चांगल्या माणसाच्या घरात वाईट माणूस राहायला येतो, आणि भाडंही देत नाही.

"दुसरी चाचणी?" साहेबांनी मंगळवारी विचारलं.

"चालू आहे, साहेब. घाई करून कसं चालेल?"

"बरोबर. तुमचं काम पक्कं असतं," साहेब म्हणाले. एवढी साधी स्तुती, पण थोरल्यांना ती गोड लागली नाही.

गुरुवारी बाई आल्या. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसून होत्या. उन्हात, हातात कापडी पिशवी. थोरले जेवायच्या सुट्टीत बाहेर पडले तशा उठल्या.

"तुम्हीच ना थोरले? दुसरी चाचणी तुमच्याकडे आहे म्हणाले." आवाजात भांडण नव्हतं, तेच अवघड होतं. "मला निकाल फोडून सांगू नका. नियम असेल. फक्त कधी लागेल तेवढं सांगा. आत सात पिंपं आहेत, या वर्षीचं सगळं फळ. लगदा आंबून तयार झालाय. रविवारपर्यंत भट्टीवर चढला तर दारू, नाही तर व्हिनेगर. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या हातात काही नाही."

थोरल्यांचं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. जिभेवर शब्द आला होता, 'बाई, तुमचा माल स्वच्छ आहे.' तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. साहेब आणि धाकटा दारातून बाहेर पडत होते, साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर, आणि साहेब कसल्याशा गोष्टीवर पोट धरून हसत होते. थोरल्यांबरोबर ते असे कधी हसले होते? एकदा तरी?

"चौकशी चालू आहे," थोरले म्हणाले. "आम्ही काय करणार, बाई. नियम आहेत."

"हो, तेही खरंच," बाई म्हणाल्या, आणि वर "तुम्हाला त्रास दिला" म्हणाल्या.

रविवारी थोरल्यांनी दिवसभर पंखा दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता. बायको म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" ते म्हणाले, "काही नाही, उकडतंय." सोमवारी ऑफिसात कुणीतरी बातमी आणली. बाई सील लावलेल्या दाराच्या फटीला नाक लावून बसल्या होत्या, आणि आंबट वास आला तसं कपाळाला हात लावून घरी गेल्या. धाकट्याचा चेहरा हे ऐकून पडला. "माझा सुळका खरा असेल तर बाईंनी गुन्हा केलाय," तो थोरल्यांना म्हणाला, "पण दादा, ती बाई खोटं बोलणारी वाटत नाही हो. मला झोप नाही लागत." आणि थोरल्यांना मनातून काय वाटलं असेल? वाटलं, बघा, याला झोपसुद्धा माझ्यापेक्षा चांगल्या कारणानं लागत नाही!

बुधवारी सकाळी थोरले लवकर आले आणि बाईंच्या दारूची चाचणी पुन्हा एकदा चालवली. नव्या कागदावर आजची तारीख छापली गेली. जुना कागद त्यांनी फाडून टाकला. आता कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

साहेबांच्या खोलीत पाच माणसं होती. साहेब, अबकारीचे अधिकारी, बाई आणि हे दोघं. धाकट्यानं आपला कागद दाखवला, पण छाती पुढे काढली नाही, खाली मान घालून दाखवला. मग थोरले उठले. वाक्यं नऊ दिवस घोकलेली होती. त्यांनी सपाट कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, माल स्वच्छ आहे. थॅलेट या बाटलीत नाही, ते आमच्या धाकट्याच्या हातात आहे. दाखव रे हात साहेबांना."

अधिकाऱ्यांनी धाकट्याचा तळहात हुंगला, आणि गुलाबाचा वास आला तसे चमकले. थोरल्यांनी सगळं उलगडून सांगितलं, क्रीम, फ्लास्कचं तोंड, कोरी चाचणी, सगळं. साहेबांचा चेहरा तांबडा झाला.

"फ्लास्कवर उघडा तळहात?" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "अरे, ही काय परीक्षकाची रीत झाली? कुणी शिकवलं तुला हे?"

धाकट्यानं एकदा थोरल्यांकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग म्हणाला, "कुणी नाही, साहेब. माझीच घाणेरडी सवय आहे."

आणि मग बाईंकडे वळून त्यानं हात जोडले. "बाई, चूक माझी. तुमचं वर्ष मी बुडवलं."

"ठीक आहे," साहेब जडपणानं म्हणाले. "आता खुर्चीबद्दल मला वेगळं काही सांगायला नको. थोरले, अभिनंदन."

मिळाली! अठ्ठावीस वर्षं जी हवी होती ती मिळाली. थोरल्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण ओठ हलेनात. तेवढ्यात बाई उठल्या, आणि भर खोलीत थोरल्यांचा तो चिरलेला, खरखरीत हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पिंपं गेली ती गेली," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "पण अब्रू राखलीत माझी. लोक मला भेसळवाली म्हणायला लागले होते. तुम्ही नसता तर मी जन्मभर चोर ठरले असते. देवमाणूस आहात तुम्ही."

थोरल्यांना हात सोडवून घ्यायचा होता. बाई सोडेनात. आणि पलीकडे धाकटा उभा, स्वतःवर आळ घेऊन, मान खाली घालून. थोरल्यांना जन्मात पहिल्यांदा त्याचा हेवा वाटला नाही. लाज वाटली.

"ती रीत त्याची नाही," ते म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच निघाला. "मी शिकवलीय. आणि साहेब, या कागदावर आजची तारीख आहे, ती खोटी आहे. म्हणजे तारीख खरी आहे, पण... मला हे आधीच ठाऊक होतं."

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या सोमवारपासून. नऊ दिवस झाले."

बाईंचे हात अजून त्यांच्या हाताभोवतीच होते, जणू त्यांना ते काय म्हणाले तेच नीट कळलं नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे गुरुवारी मी पायरीवर विचारलं, तेव्हा?"

"तेव्हा कागद माझ्या खणात होता."

बाईंनी हात काढून घेतले. रागानं नाही, गरम भांड्यावरून काढतात तसे. खुर्चीजवळची कापडी पिशवी त्यांनी उचलली, खांद्याला लावली.

"गुरुवारी माझा माल चांगला होता हो," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या. धाकटा त्यांना दार उघडून द्यायला पुढे गेला. थोरल्यांकडे त्यानं बघितलं नाही.